मेटा-अनॅलिसिससाठी इफेक्ट साइझ कोणता घ्यावा? लोहाच्या चाचण्यांवरून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेटा-अनॅलिसिस म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणं, आणि इफेक्ट साइझ म्हणजे परिणाम किती हे सांगणारं माप. तुम्ही स्त्रीरोग विभागात पीजी करता. गरोदरपणातल्या ॲनिमियासाठी शिरेतून दिलेलं लोह आणि तोंडाने घेतलेल्या लोहाच्या गोळ्या यांची तुलना करणाऱ्या क्लिनिकल चाचण्या तुम्ही जमवल्या आहेत. काही पेपरांत हिमोग्लोबिनची सरासरी आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) आहे. काहींत फक्त 'हिमोग्लोबिन ११च्या वर गेलेल्या स्त्रिया किती' एवढंच. दोनतीन पेपरांनी ऑड्स रेशो (दोन गटांतल्या 'झाले भागिले न झाले' यांचं गुणोत्तर) तयारच दिलाय. थकवा मोजायला तीन वेगवेगळ्या प्रश्नावल्या वापरल्यात. तीव्र ॲलर्जीच्या रकान्यात जवळपास सगळीकडे शून्य. सॉफ्टवेअर विचारतं, माप कोणतं? आणि गाइड म्हणतात, सगळी लावून बघ, आय-स्क्वेअर (निकालांतली किती तफावत योगायोगापलीकडची, याची टक्केवारी) ज्यात सगळ्यात कमी येईल ते ठेव.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. सगळ्यांसाठी मिळून एक इफेक्ट साइझ शोधू नका. तुमच्याकडे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारांची मापं वेगळी. हिमोग्लोबिनसाठी साधा मीन डिफरन्स (दोन सरासरींतला फरक), ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच. ॲनिमिया बरा न झालेल्यांसाठी रिस्क रेशो (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर). थकव्यासाठी स्टँडर्डाइझ्ड मीन डिफरन्स (सरासरींतला फरक भागिले एसडी), छोट्या चाचण्यांसाठीच्या हेजेसच्या दुरुस्तीसह. ॲलर्जीसाठी ऑड्स रेशो, पण शून्यं नीट सांभाळणाऱ्या पद्धतीने. आणि आय-स्क्वेअर बघून निवड करणं कृपा करून टाळा.

आता कारणं. माप निवडणं म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबणं, असं बहुतेकांना शिकवलं जातं. मी ते असं समजतो: माप निवडताना तुम्ही एक दावा करत असता. गाव बदललं, रुग्ण बदलले, आजाराचं मूळ प्रमाण बदललं, तरी ही एक गोष्ट चाचण्याचाचण्यांमध्ये साधारण सारखी राहील, असा तो दावा. रिस्क डिफरन्स (दोन गटांतल्या धोक्यांची वजाबाकी) घेतलात तर तुमचं म्हणणं असतं की शंभरातले अमुक इतके जण वाचणार, मग मूळ धोका दोन टक्के असो की चाळीस. रिस्क रेशो घेतलात तर म्हणणं असतं की धोका अमुक पटीने घटणार. दोन्ही दावे एकाच वेळी खरे ठरत नाहीत, निदान जिथे मूळ धोका बदलतो तिथे तरी नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर बीसीजीच्या चाचण्या उघडून बघा. १९९४ साली कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी क्षयरोगावरच्या बीसीजी लशीच्या १३ चाचण्या एकत्र केल्या. त्यातल्या दोन घ्या. कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या मूलनिवासी बालकांच्या चाचणीत लस मिळालेल्या ३०६ पैकी ६ जणांना क्षय झाला, न मिळालेल्या ३०३ पैकी २९ जणांना. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या चाचणीत लस मिळालेल्या १३,५९८ पैकी ६२ जणांना आणि न मिळालेल्या १२,८६७ पैकी २४८ जणांना. रिस्क रेशो काढा: पहिल्यात ०.२०, दुसऱ्यात ०.२४. जवळजवळ सारखे. दोन्ही ठिकाणी लशीने धोका पाऊण हिश्श्याने किंवा थोडा जास्तच खाली आणला. आता रिस्क डिफरन्स काढा: पहिल्यात ७.६ टक्के, दुसऱ्यात १.५ टक्के. पाचपट फरक. एक क्षयरोगी टाळायला सस्कॅचेवानमध्ये सुमारे १३ बालकांना लस द्यावी लागली, ब्रिटनमध्ये सुमारे ६८ मुलांना.

लस तीच, तिचं कामही जवळजवळ तेच. तिथल्या क्षयाचं प्रमाण वेगळं होतं, एवढंच. रिस्क डिफरन्सवर या दोन चाचण्या एकमेकींशी भांडताना दिसतात, रिस्क रेशोवर एकमेकींना दुजोरा देतात. म्हणून दोन पर्याय असलेल्या निकालासाठी, म्हणजे झाला-नाही, मेला-जगला अशा निकालासाठी, एकत्र करताना मी गुणोत्तराचं माप घेतो. शेकडो मेटा-अनॅलिसिस तपासून पाहणाऱ्यांनाही हेच दिसलंय की रिस्क डिफरन्स अभ्यासागणिक जास्त डुलतो, गुणोत्तरं कमी.

पण म्हणून फरक फेकून द्यायचा नाही. वॉर्डातल्या डॉक्टरला आणि समोर बसलेल्या बाईला ०.४९ असा एखादा रिस्क रेशो काही सांगत नाही. तिला कळतं ते 'हजारातल्या किती'. म्हणून माझी पद्धत अशी: मोजदाद गुणोत्तरावर एकत्र करायची आणि निष्कर्ष फरकात सांगायचा. आलेला रिस्क रेशो दोनतीन वेगवेगळ्या मूळ धोक्यांना लावून दाखवायचा. समजा ॲनिमिया बरा न होण्याचा रिस्क रेशो ०.५ आला. जिथे गोळ्या घेऊनही ४० टक्के स्त्रिया बऱ्या होत नाहीत, तिथे शिरेतल्या लोहाने हजारामागे २०० जणी जास्त बऱ्या होतील. जिथे फक्त १० टक्के राहतात, तिथे ५०. तुमच्या जिल्हा रुग्णालयात यातला कोणता आकडा लागू पडतो, हे तुमच्या वाचकाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्याला दोन्ही द्या.

गुणोत्तरं एकत्र करताना ती लॉगमध्ये (लॉगॅरिदममध्ये) नेऊनच करायची, हे सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण का ते समजून घ्या. एका चाचणीत धोका निम्मा झाला, दुसरीत दुप्पट. सरासरी शून्य परिणामाची यायला हवी. साधी सरासरी काढली तर ०.५ आणि २ मिळून १.२५ येते. लॉगमध्ये काढली तर बरोबर १. एक्सेलमध्ये हाताने सरासरी काढलेले थिसिस मी पाहिलेत, म्हणून सांगतोय.

बीसीजीबद्दल अजून एक, कारण तो धडा आपल्याच भूमीवरचा आहे. त्या १३ चाचण्यांत दोन दक्षिण भारतातल्या होत्या. आंध्रातल्या मदनपल्लेच्या चाचणीत रिस्क रेशो ०.८० आला. मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत, दोन्ही गटांत प्रत्येकी ८८,३९१ माणसं, लस मिळालेल्यांत ५०५ आणि न मिळालेल्यांत ४९९ क्षयरोगी निघाले. रिस्क रेशो १.०१. म्हणजे तिथे लशीने काहीच वाचवलं नाही. तेराही चाचण्यांचा एकत्रित रिस्क रेशो ०.४९, विश्वासार्हता मर्यादा (खरा आकडा साधारण ज्या पट्ट्यात असावा त्याची दोन टोकं) ०.३४ ते ०.७०. आय-स्क्वेअर काढलात तर तो ९० टक्क्यांच्या वर जातो. इथे माप बदलून काही साधत नाही. ऑड्स रेशो लावा, रिस्क रेशो लावा, चिंगलपेट आणि ब्रिटन जुळणार नाहीत, कारण ते खरोखरच वेगळे आहेत. हा फरक विषुववृत्तापासूनच्या अंतराशी जोडलेला दिसतो. उष्ण प्रदेशात मातीपाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लोकांचा आधीच संबंध येतो, म्हणून लशीचा वेगळा फायदा दिसत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. चुकीच्या मापामुळे तयार झालेली विविधता आणि निसर्गातली खरी विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माप नीट निवडून जाते. दुसरी शोधून, समजून, लिहून दाखवायची असते.

आता ऑड्स रेशो की रिस्क रेशो. घटना दुर्मीळ असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या त्याच चाचणीत रिस्क रेशो ०.२३७ आणि ऑड्स रेशो ०.२३३. काही फरक नाही. पण अमेरिकेतल्या मूलनिवासींवरच्या चाचणीत क्षयाचं प्रमाण जास्त होतं: लस मिळालेल्यांत ११.७ टक्के, न मिळालेल्यांत २५.६ टक्के. तिथे रिस्क रेशो ०.४६ येतो आणि ऑड्स रेशो ०.३८. वाचणारा ०.३८ पाहून म्हणेल, धोका ६२ टक्क्यांनी घटला. घटला ५४ टक्क्यांनी. तुमच्या विषयात तर घटना अजून वारंवार घडणारी आहे. निम्म्याहून जास्त स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११च्या वर जातं. तिथे ऑड्स रेशो हा पटीत धोका म्हणून वाचला गेला की निष्कर्ष फुगतोच. आणि तो तसाच वाचला जातो. वर्तमानपत्रात, कॉन्फरन्समध्ये, कधी कधी पेपरच्या सारांशातसुद्धा.

मग ऑड्स रेशो का वापरायचा? त्याचा एक मोठा गुण आहे. समजा शिरेतल्या लोहाने ८० टक्के बऱ्या झाल्या आणि गोळ्यांनी ६० टक्के. 'बऱ्या झाल्या' याचा रिस्क रेशो १.३३. 'बऱ्या झाल्या नाहीत' याचा रिस्क रेशो २० भागिले ४०, म्हणजे ०.५. हे एकमेकांचे व्यस्त नाहीत. तोच अभ्यास, तेच आकडे, आणि एका बाजूने परिणाम किरकोळ वाटतो, दुसऱ्या बाजूने जोरदार. ऑड्स रेशो मात्र एका बाजूने २.६७ आणि दुसऱ्या बाजूने ०.३७५, अगदी एकमेकांचे व्यस्त. घटना कशाला म्हणायचं यावर तो अवलंबून नाही. संख्याशास्त्रज्ञांमध्ये या प्रश्नावर आजही कडाक्याचे मतभेद आहेत आणि दोन्हीकडची माणसं विचार करून बोलतात.

माझा निर्णय व्यवहाराचा आहे. चाचण्यांसाठी, वाईट घटनेचा रिस्क रेशो. वाईट घटना का, तर हे बघा: 'बऱ्या झाल्या' याचा १.३३ हा रिस्क रेशो अशा ठिकाणी लावा जिथे गोळ्यांनीच ९० टक्के बऱ्या होतात. उत्तर येतं १२० टक्के. अशक्य. 'बऱ्या झाल्या नाहीत' याचा ०.५ लावा, तर १० टक्क्यांचे ५ टक्के होतात आणि सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून वर मी 'बरा न झालेल्यांसाठी' असं मुद्दाम लिहिलं. हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा. निकाल पाहून बाजू बदलणं हा हातचलाखीचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

ज्या पेपरांनी ऑड्स रेशो तयार दिलाय, त्यांच्या तक्त्यात मूळ संख्या जवळजवळ नेहमी सापडतात. त्या घ्या आणि रिस्क रेशो स्वतः काढा. पेपरातला ऑड्स रेशो लॉजिस्टिक रिग्रेशनमधून, वय आणि आधीचं हिमोग्लोबिन जमेस धरून काढलेला असेल, तर तो साध्या ऑड्स रेशोपेक्षा वेगळा असणारच. काहीही पक्षपात नसला तरी. ऑड्स रेशोचा हा अंगभूत स्वभाव आहे: ज्या गोष्टी जमेस धरल्या त्यांचा निकालाशी संबंध असला की तो एकपासून आणखी दूर सरकतो. दोन्ही प्रकार एका ढिगात टाकू नका. केस-कंट्रोल अभ्यास (आधी आजारी आणि निरोगी माणसं निवडून मग मागे वळून पाहणारे) आले तर तिथे ऑड्स रेशोशिवाय इलाज नाही, कारण धोका मोजताच येत नाही. पण ते वेगळे ठेवा. बीसीजीच्या कामातही चाचण्यांचा रिस्क रेशो वेगळा आणि केस-कंट्रोल अभ्यासांचा ऑड्स रेशो वेगळा दिला होता.

ॲलर्जीच्या शून्यांकडे येतो. याला लोक शेवटी पाच मिनिटं देतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, कारण औषधांच्या सुरक्षिततेचे निर्णय इथे होतात. २००७ साली निसेन आणि वोल्स्की यांनी रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधावर मेटा-अनॅलिसिस प्रसिद्ध केलं. हार्ट अटॅकसाठी ऑड्स रेशो १.४३, मर्यादा १.०३ ते १.९८. जगभर खळबळ उडाली. अमेरिकेत २०१० मध्ये वापरावर कडक निर्बंध आले आणि त्याच वर्षी भारतात बंदी आली. अमेरिकेतले निर्बंध २०१३ पासून उठवले गेले. या विश्लेषणात ४२ चाचण्या होत्या. मूळ निकषांत बसणाऱ्या ४८ होत्या, पण सहांमध्ये एकही हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू नव्हता, म्हणून त्या गळल्या. माप होतं पेटो पद्धतीचा ऑड्स रेशो. पेटो पद्धत घटना अगदी दुर्मीळ, परिणाम फार मोठा नाही आणि दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे असतील तेव्हा उत्तम चालते. इथे बऱ्याच चाचण्यांत गट असमान होते. नंतर इतरांनी त्याच आकड्यांवर वेगळ्या पद्धती आणि वेगळी मापं लावून पाहिली, तेव्हा कुठे धोका वाढलेला दिसला, कुठे तो एकच्या इतका जवळ आला की काही ठामपणे म्हणता येईना.

आणि हे पहा. सगळ्या चाचण्यांतली माणसं एका पोत्यात ओतली तर औषधाच्या गटात साडेपंधरा हजारांवर लोकांत ८६ हार्ट अटॅक, म्हणजे सुमारे ०.५५ टक्के. तुलनेच्या गटात सव्वाबारा हजारांवर लोकांत ७२, म्हणजे सुमारे ०.५९ टक्के. ओतून पाहिलं तर औषध किंचित चांगलं वाटतं, चाचणीनिहाय पाहिलं तर वाईट. म्हणून संख्यांची थेट बेरीज करून टक्केवारी काढणं, जे 'पूल्ड अनॅलिसिस' या नावाखाली सर्रास चालतं, ते कधीच करू नका. प्रत्येक चाचणीतली तुलना त्या चाचणीच्या आतच राहिली पाहिजे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. प्रत्येक रकान्यात ०.५ मिळवून पुढे जाणं, ही सॉफ्टवेअरची सवय बंद करा. गट असमान असतील तर ते ०.५ स्वतःच एका बाजूला झुकवतं. गट सारखे असतील तर पेटो घ्या. नसतील तर मँटेल-हेन्झेल पद्धत, ०.५च्या दुरुस्तीशिवाय. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येत असेल तर तिच्या मेटाफॉर पॅकेजमध्ये लॉजिस्टिक प्रकारचं मिश्र मॉडेलही बसवता येतं. दोन्ही गटांत शून्य असलेल्या चाचण्या गुणोत्तराला काहीच माहिती देत नाहीत. पण त्या किती आणि त्यांत स्त्रिया किती, हे मजकुरात लिहा, कारण दोन हजार स्त्रियांत एकही तीव्र रिॲक्शन नाही ही स्वतंत्र आणि महत्त्वाची बातमी आहे.

आता हिमोग्लोबिन. इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण सगळे एकच गोष्ट एकाच मापात मोजतात. कुणी ग्रॅम प्रति लिटर दिलं असेल तर दहाने भागा. मग साधा मीन डिफरन्स घ्या. स्टँडर्डाइझ्ड घेण्याचा मोह आवरा, जरी 'इफेक्ट साइझ' म्हटलं की लोकांना कोहेनचा डीच (म्हणजे हाच स्टँडर्डाइझ्ड फरक) आठवत असला तरी. कारण सांगतो. एका चाचणीने फक्त ७ ते ८.५ हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रिया घेतल्या, शेवटच्या हिमोग्लोबिनचा एसडी ०.८. दुसरीने सगळ्यांना घेतलं, एसडी १.६. दोन्हींत शिरेतल्या लोहाने हिमोग्लोबिन गोळ्यांपेक्षा १ ग्रॅमने जास्त वाढलं. मीन डिफरन्स दोन्हींत १. स्टँडर्डाइझ्ड केलं की पहिलीचं १.२५ आणि दुसरीचं ०.६३. रक्तात काहीच फरक नसताना कागदावर दुप्पट फरक तयार झाला, आणि तोही केवळ कुणाला चाचणीत घेतलं यावरून. वर १ ग्रॅम हे प्रसूतितज्ज्ञाला लगेच कळतं, ०.६३ एसडी म्हणजे काय हे कुणालाच कळत नाही.

थकव्यासाठी मात्र स्टँडर्डाइझ्डला पर्याय नाही. तीन प्रश्नावल्या, तीन मापं. तिथे चार गोष्टी जपा. छोट्या चाचण्यांत डी थोडा फुगतो, म्हणून हेजेसची दुरुस्ती लावा. प्रत्येक गटात १० जणी असतील तर ती सुमारे चार टक्क्यांनी खाली आणते, शंभर-शंभर असतील तर नगण्य. पण लावायला काही खर्च नाही. प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे जास्त थकवा की जास्त उत्साह, हे प्रत्येक पेपरात तपासा आणि उलट्या दिशेच्या सरासरीला उणे चिन्ह लावा. तिसरी गोष्ट, सुरुवातीपासून झालेला बदल आणि शेवटची पातळी यांचे एसडी मिसळू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा एसडी दोन्ही १.२ असतील आणि दोन मोजण्यांतला सहसंबंध ०.८ असेल, तर बदलाचा एसडी ०.७६ च येतो. १ गुणाचा तोच फरक एका भाजकाने ०.८३ आणि दुसऱ्याने १.३२ दिसतो. मीन डिफरन्समध्ये हे दोन्ही एकत्र चालतात, स्टँडर्डाइझ्डमध्ये नाही. ज्या पेपरांत फक्त बदलाचा एसडी आहे, तिथे सुरुवातीचा एसडी शोधून त्याने भागा.

चौथी गोष्ट सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका पुनरावलोकनात अकरा चाचण्यांचे डी ०.३ आणि ०.६ च्या मध्ये होते आणि बारावी एकटी ४ च्या आसपास. तीच एकटी सगळा निष्कर्ष ओढून नेत होती. आम्ही दोन दिवस कारणं शोधली: डोस, वय, देश. कारण पेपरातल्या तक्त्याच्या तळाशी होतं. 'प्लस-मायनस'च्या पुढचा आकडा एसडी नव्हता, स्टँडर्ड एरर (एसडी भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ) होता. गटात ६४ माणसं, एसडी १.२ असेल तर स्टँडर्ड एरर ०.१५. फरक ०.६ असेल तर खरा डी ०.५, एररने भागला की ४. तेव्हापासून मी प्रत्येक पेपरातला एसडी इतरांच्या एसडीशेजारी ठेवून बघतो. हिमोग्लोबिनचा एसडी कुणी ०.१५ दिला, तर तो एसडी नाही, पेपर कुठल्याही मोठ्या जर्नलमधला असो.

थकव्याचा निष्कर्ष लिहिताना 'मध्यम परिणाम' लिहून थांबू नका. ०.२, ०.५, ०.८ ही कोहेनची पायरी त्याने स्वतः ढोबळ आधार म्हणून दिली होती, तीही दुसरं काही हाताशी नसताना. एकत्रित आकडा ओळखीच्या एका प्रश्नावलीत परत न्या. एकत्रित परिणाम ०.४ आणि त्या प्रश्नावलीचा नेहमीचा एसडी ९ असेल, तर लिहा: सुमारे साडेतीन गुणांचा फरक. मग वाचणारा ठरवेल तो किती मोलाचा.

काही चाचण्यांत हिमोग्लोबिनची सरासरी आहे, काहींत फक्त ११च्या वरच्यांची संख्या, तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून सगळ्या एका आलेखावर आणू का, असंही तुम्ही विचारलंय. करता येतं. लॉग ऑड्स रेशोला ०.५५ ने गुणलं की साधारण डी मिळतो. पण त्यामागे वितरणाच्या आकाराचं एक गृहीतक असतं, आणि तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या पुरेशा चाचण्या आहेत. दोन आलेख वेगळे ठेवा. रूपांतर तेव्हाच करा जेव्हा एरवी निम्मा पुरावा वाया जाणार असतो.

इतर विषयांतल्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सहसंबंध गुणांक एकत्र करायचे तर फिशरच्या झेडमध्ये न्या, तिथे व्हेरियन्स फक्त नमुन्याच्या आकारावर (एन) ठरतो, एक भागिले (एन वजा तीन). शेवटी परत आणा. किती वेळाने घटना घडली असा निकाल असेल तर हॅझर्ड रेशो (क्षणोक्षणीच्या धोक्यांचं गुणोत्तर) घ्या आणि तो रिस्क रेशोंच्या रांगेत बसवू नका. कृषी विद्यापीठांत उत्पादनाच्या तुलना करणाऱ्यांना लॉग रिस्पॉन्स रेशो सोयीचा: कोरडवाहू शेतात हेक्टरी १० क्विंटलचे १२ झाले आणि बागायतीत २० चे २४, तर दोन्हींत वाढ तीच, २० टक्के. पण शून्य खरोखर शून्य असेल अशाच मापांना तो चालतो; सेल्सिअसमधल्या तापमानाला नाही. आणि एकाच गटातली टक्केवारी, म्हणजे प्रिव्हलन्स, एकत्र करताना फ्रीमन-टुकी रूपांतर सावधपणे वापरा. नमुन्यांचे आकार फार वेगवेगळे असले की परत आणताना ते भलतंच उत्तर देऊ शकतं. लॉजिट मॉडेल बसवा.

राहिला आय-स्क्वेअर. तुमच्या गाइडबद्दल आदर ठेवूनच लिहितो, कारण हा सल्ला मीही माझ्या शिक्षकांकडून ऐकला होता. आय-स्क्वेअर सांगतो की दिसणाऱ्या चढउतारातला किती वाटा योगायोगाने समजावता येत नाही. चाचण्या मोठ्या आणि नेमक्या असल्या की तो आपोआप वर जातो, छोट्या आणि अंधुक असल्या की खाली येतो. ज्या मापावर तुमच्या मर्यादा रुंद होतात, तिथे तो कमी येणारच. याचा अर्थ ते माप बरोबर, असा होत नाही. शिवाय पाच मापं लावून एक ठेवायचं आणि चार पुसायची, तर उरलेल्या मर्यादांना अर्थ राहत नाही, कारण पाचांतून निवड झालीय हे त्या मर्यादांना माहीत नसतं.

गाइडना समजवायला सोपा रस्ता आहे. प्रॉस्पेरोमध्ये (पुनरावलोकनांचे आराखडे आधी नोंदवायच्या यादीत) नोंदणी अजून झाली नसेल, तर आज चार ओळी लिहा: प्रत्येक निकालासाठी मुख्य माप कोणतं, घटना कशाला म्हणणार, शून्यं कशी हाताळणार आणि पडताळणीसाठी दुसरं माप कोणतं. ॲनिमिया बरा न होण्यासाठी मुख्य रिस्क रेशो आणि पडताळणीला ऑड्स रेशो, असं लिहिलंत की दोन्ही निकाल छापता येतात आणि गाइडना हवी असलेली तुलनाही उघडपणे समोर राहते. नोंदणी झाली असेल तर बदलाची तारीख आणि कारण लिहून ती सुधारता येते. मग पेपर पुन्हा उघडा आणि सगळ्यात आधी एसडीचा रकाना वरून खालपर्यंत एकदा वाचून काढा. काही अडलं तर तो तक्ता इथेच टाका, मी बघतो.